मांजराला खरूज झालीये का? आधी कानाची कड बघा

मांजर कान खाजवतं, अंग चाटतं, त्यात नवल काही नाही, सगळीच मांजरं करतात. पण खाजवता खाजवता ती मधेच कळवळून ओरडायला लागली, ताटलीतला भात अर्धा टाकून मान झटकत कोपऱ्यात जाऊन बसली, रात्री दोनला उठून परत खर्र खर्र सुरू, असं दोन-तीन दिवस सलग दिसलं तर तिला खिडकीपाशी उजेडात घ्या आणि कानाची वरची कड बघा, आतल्या बाजूने, जिथे केस विरळ असतात तिथे. परातीच्या कडेला कणिक वाळून चिकटते ना, तसं राखाडी-पिवळट काहीतरी चिकटलेलं असेल, बोटाने चाचपल्यावर खालची कातडी जाड आणि खरखरीत लागत असेल, तर खरुजेचा संशय धरायचा आणि डॉक्टरांकडे उद्याच जायचं, रविवारची सुट्टी बघत बसायचं नाही.

हे सगळं करणारा किडा कोळ्याच्या जातीतला आहे, आठ पायांचा, जेमतेम ०.२ ते ०.३ मिलिमीटरचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसणारच नाही. शास्त्रीय नाव नोटोएड्रेस कॅटी. कुत्र्यांना लूत लागते ती सारकोप्टेस नावाच्या किड्याने, हा त्याचाच भाऊबंद. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा पोखरत जाते आणि पोखरता पोखरता तिथेच अंडी घालत जाते. अंडं फुटून त्यातून परत अंडी घालणारा किडा तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. हे तीन आठवडे डोक्यात ठेवा, पुढे औषधाचं सगळं गणित ह्यावरच आहे.

पसरायची वाट पण ठरलेली असते. आधी कानाची कड, मग दोन कानांच्या मधलं कपाळ, डोळ्यांच्या पापण्या, गाल, मान. मग मांजर पुढच्या पंजाने तोंड पुसतं म्हणून पंजांवर, आणि अंगाचं वेटोळं करून झोपतं तेव्हा तोंड शेपटीजवळ जातं म्हणून शेवटी शेपटीखाली. म्हणजे किडा स्वतः फार लांब चालत जात नाही, मांजरच त्याला अंगभर नेतं. उशीर झाला तर कपाळाची कातडी सुरकुतते, चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा दिसायला लागतो, गळ्याखाली गाठी लागतात, खाणं सुटतं. पिल्लं आणि आधीच अशक्त असलेली मांजरं ह्यात मरतात सुद्धा, म्हणून "थोडी खाजच तर आहे" असं म्हणून सोडून देऊ नका प्लीज.

आमची चिंगी जुन्या नाशकातल्या वाड्यात वाढलेली, दिवसभर कौलांवर आणि शेजारच्या गच्च्यांवर, जेवायला आणि झोपायला आमच्याकडे. डिसेंबरात इकडे थंडी कडक पडते, तेव्हा सगळी मांजरं जिन्याखालच्या पोत्यांवर एकमेकांना चिकटून झोपतात आणि एकमेकांच्या अंगाला अंग लागूनच ही खरूज पसरते. तिच्या डाव्या कानावर पहिला खरखरीत डाग दिसला तेव्हा मी समजले बोक्याशी मारामारी झाली असेल, जखम वाळली असेल. आठ दिवसांत दोन्ही कान आणि डाव्या डोळ्याची पापणी. मग मी जी चूक केली ती तुम्ही करू नका म्हणून सांगते. एका मेडिकलमध्ये गेले, म्हटलं मांजराला खरूज झालीये असं वाटतंय, त्याने माणसांच्या खरुजेचं लोशन काढून दिलं, हेच लावा म्हणाला. मी दोन्ही कानांना लावलं. तासाभरात तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, कान आणि गालाची कातडी थडथड उडायला लागली, उठून चालायला गेली तर मागचे पाय एकीकडे जायला लागले. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले आधी भांड्याच्या लिक्विड साबणाने कोमट पाण्यात धुवा आणि टॉवेलात गुंडाळून लगेच घेऊन या. रात्रभर सलाईनवर ठेवली तेव्हा वाचली. त्या रात्रीची आठवण आली की अजून पोटात कालवतं.

त्या लोशनमध्ये परमेथ्रिन होतं. माणसाला चालतं, कुत्र्याला चालतं, मांजराला विष. कारण मांजराच्या यकृतात अशी द्रव्यं मोडून बाहेर टाकायची एक यंत्रणा फारच कमकुवत असते, वर अंगाला जे लावाल ते सगळं ते चाटून पोटात घेतं. त्यामुळे माणसांची खरुजेची कुठलीच लोशनं नकोत, बेंझिल बेंझोएटवालं पण नको, लिंडेन तर नकोच. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या थेंबांच्या काही ट्यूबमध्ये हेच परमेथ्रिन असतं, तेव्हा "कुत्र्याची अर्धी मांजराला टाकू" हा हिशोब करू नका. आपल्याकडे निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडे ज्यांचा गोठा आहे किंवा बाग आहे त्यांच्या घरात गोचिडाचं औषध आणि फवारणीचं काहीतरी असतंच, पाण्यात दोन थेंब टाकून मांजराला अंघोळ घातली की झालं असं कुणीतरी सांगतं, ते डेल्टामेथ्रिन नाहीतर सायपरमेथ्रिन असतं आणि परिणाम तोच.

घरगुती उपायांचंही बोलते, कारण सगळ्यात आधी तेच सुचवले जातात आणि सांगणारे चांगल्या मनानेच सांगतात. खोबरेल तेलात कापूर: कापूर मांजराला विषारी. टी ट्री ऑइल: तेच. कडुलिंबाचं तेल चाटलं की लाळ, उलट्या, थरथर होऊ शकते. पाण्यात टाकलं की पांढरं दुधाळ होणारं जंतुनाशक किंवा फिनेल: अंगाला सोडा, मांजर जिथे झोपतं ती फरशी सुद्धा त्याने पुसू नका. गॅरेजमधलं जळकं ऑइल लावायची पद्धत कुत्र्यांसाठी अजून चालू आहे, ती मांजरावर केली तर चाटून चाटूनच ते आजारी पडेल. हळद आणि साधं खोबरेल तेल त्या मानाने सौम्य, पण त्याने किडा मरत नाही, तुमचे पंधरा दिवस मात्र जातात. आणि अंग गरम लागतंय म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एका गोळीने मांजर मरू शकतं.

आता संशय खरुजेचाच आहे की दुसरं काही, हे घरी थोडंफार कळतं, पक्कं नाही. कानाच्या आत, खोल, चहाच्या गाळणीतल्या चोथ्यासारखी काळपट घाण असेल आणि कड स्वच्छ असेल तर ते कानातले किडे, वेगळी जात, औषध बरंचसं तेच. पाठीवर शेपटीच्या बुडाशी खाज आणि केसांत काळे कण असतील तर ते कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाका, विटकरी रंग सुटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचं पचलेलं रक्त. केस गोल गोल गेलेत, कडेला तुटके केस आणि कोंडा, खाज फारशी नाही, तर नायटा म्हणजे बुरशी असू शकते, ती माणसांना लागते आणि तिचं औषध पूर्ण वेगळं. आणि कान पांढरे असतील, तर टोकावरची न भरणारी जखम उन्हामुळे होणाऱ्या कॅन्सरची पण असू शकते, तिथे अंदाजावर एक दिवस सुद्धा घालवू नका. खरुजेची खूण एकच धरा: प्रचंड खाज, सुरुवात कानाच्या कडेवरून, आणि जाड खपली.

न्यायचं कसं हा प्रश्न बऱ्याच जणांना अडवतो. पेटी नसली तरी नाशकात टोमॅटोचं प्लास्टिक कॅरेट कुठेही मिळतं. दोन घ्या, एक खाली, त्यात जुना टॉवेल, मांजर आत, दुसरं उलटं वर ठेवायचं आणि चारी कोपरे सुतळीने पक्के बांधायचे. हवा खेळती राहते, मांजराला बाहेरचं दिसतं, आणि नंतर गरम पाण्याने धुवून उन्हात टाकता येतं, कापडी पिशवीचं तसं होत नाही. कॅरेटवर ओढणी टाकली की रिक्षात शांत बसतात. पिशवीत तोंड बांधून नेऊ नका, आमच्या शेजारच्या काकूंचं मांजर द्वारकेच्या सिग्नलला पिशवी फाडून पळालं, ते तिसऱ्या दिवशी सापडलं. निघायच्या आधी वजन करून घ्या: मांजर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकटीने, वजाबाकी करायची. औषध वजनावर ठरतं.

जाताना कान पुसू नका, तेल लावू नका, खपल्या काढू नका, डॉक्टरांना त्याच लागतात. ते बोथट ब्लेडला तेलाचा थेंब लावतात आणि खपलीच्या कडेला हलकंसं खरवडतात, थोडी लाली येईपर्यंत, मग तो थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली. कुत्र्यांच्या खरुजेत बऱ्याचदा पाच-सहा जागा खरवडूनही किडा हाती लागत नाही, मांजराच्या ह्या खरुजेत मात्र गर्दीच असते, पहिल्याच काचेवर दिसतात. आमच्या डॉक्टरांनी "ताई, या, बघा" म्हणून मला बघायला लावलं. तेलाच्या पिवळट थेंबात गोल, काचेच्या मण्यासारखे पारदर्शक जीव, आखूड आखूड पाय हळूहळू हलतायत, आणि मधे लांबट अंडी. इतके दिवस मी तिला "उगाच खाजवू नको" म्हणून रागावत होते, ते आठवून फार वाईट वाटलं. कुणी न खरवडता, नुसतं लांबून बघून इंजेक्शन भरायला लागलं तर तुम्ही नम्रपणे विचारा, "स्क्रेपिंग करून बघायचं का?" हा तुमचा हक्क आहे. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी जनावरांच्या दवाखान्यात जा, तिथे खर्च बराच कमी येतो, फक्त मांजर बघणारे डॉक्टर कुठल्या वेळेला असतात ते आधी विचारून घ्या.

औषध तीन तऱ्हेचं मिळतं. एक, मानेवर टाकायचे थेंब, ह्यात सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन असतं, मला हेच सगळ्यात बरं वाटतं कारण मांजराला धरून बसावं लागत नाही. सेलामेक्टिन आठ आठवड्यांच्या पुढच्या पिल्लांना चालतं, त्याहून लहान असतील किंवा मांजरी गाभण असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. दुसरं, आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन, जुनं, स्वस्त, चांगलं लागू पडणारं, पण ते डॉक्टरांच्याच हातून. का ते सांगते. गोठ्यात गाई-म्हशींसाठी जी बाटली असते तिच्यात बहुतेक वेळा एका एमएलला १० मिलिग्रॅम औषध असतं आणि मांजराला किलोमागे ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे तीन किलोच्या मांजराला अख्खं ०.०६ एमएल. साध्या सिरिंजवर ती रेघ पण नीट दिसत नाही, हात जरा हलला की दुप्पट-तिप्पट जातं, मग मांजर धडपडायला लागतं, डोळ्यांना दिसेनासं होतं, बेशुद्ध पडतं. तिसरं, चुना-गंधकाचं पाणी, डॉक्टर सांगतील तेवढं पातळ करून आठवड्यातून एकदा अंगावर ओतायचं. कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, चांदी काळी पडते म्हणून अंगठी-पैंजण काढून ठेवा, आणि वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही. नाशकाच्या थंडीत अशक्त मांजराला ओलं करणं मला तरी पटत नाही, उन्हाळ्यात ठीक.

थेंब टाकायची पण पद्धत आहे, बरेच जण केसांवरच टाकतात आणि अर्धं औषध वाया जातं. मांजर तुमच्याकडे पाठ करून बसवा, कवटी संपते तिथे मानेच्या बुडाशी, जिथे तिची जीभ पोचत नाही तिथे दोन बोटांनी केस बाजूला सारा, पांढरी कातडी दिसली पाहिजे, आणि ट्यूबचं तोंड कातडीला टेकवून पूर्ण पिळा. चोळू नका. वाळेपर्यंत मुलांना हात लावू देऊ नका. घरात दोन-तीन मांजरं असतील तर तेवढा वेळ वेगळी ठेवा, कारण ती एकमेकांची मान चाटतात.

आणि हो, घरातल्या सगळ्या मांजरांना एकाच दिवशी. जिला खाज नाही तिला पण. हे ऐकून लोक नाराज होतात, खर्च वाढतो हे मला कळतं, पण एकीला सोडलं तर ती पंधरा दिवसांत दुसरीला परत देते आणि मग सगळ्यांचा खर्च दोनदा होतो. आमच्याकडे चिंगी आणि तिची थोरली लेक सोनी, सोनीच्या कानाला तेव्हा काही नव्हतं, तरी दोघींना टाकलं.

घराचं काम त्या मानाने थोडं आहे. हा किडा मांजराच्या अंगावरून उतरला की काही दिवसांतच मरतो, घरात महिनोन्‌महिने लपून राहत नाही, त्यामुळे पेस्ट कंट्रोल वगैरे करायची काही गरज नाही. ती झोपते ती गोधडी, पोतं, उशीचा अभ्रा गरम पाण्यात भिजवून धुवा आणि कडक उन्हात दिवसभर टाका. सोफा-गादी ब्रशने झाडा किंवा व्हॅक्यूम फिरवा, जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन-तीन आठवडे बाजूला ठेवून द्या. कंगवा उकळत्या पाण्यात. आठवड्यातून एकदा असं, औषध चालू असेपर्यंत.

तुमच्या अंगावर आलं तर घाबरू नका. मांजर मांडीवर, हातावर घेतो तिथेच, म्हणजे कोपराच्या आत, पोटावर, मांडीवर बारीक लाल पुरळ येते आणि रात्री खाज सुटते. माझ्या आईला आली होती, तिने चिंगीला पोटाशी घेऊन झोपायचं काही सोडलं नाही. माणसाच्या कातडीत हा किडा आपला वंश वाढवू शकत नाही, मांजर बरं झालं की आपली पुरळ पण काही आठवड्यांत जाते. खाज फार असेल, घरात तान्हं बाळ असेल किंवा पुरळ वाढतच असेल तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा आणि घरात मांजर आहे हे आठवणीने सांगा. मांजराला सोडून द्यायची मात्र काही गरज नाही, घरचे म्हणतील, पण नाही.

खपल्या ओढून काढू नका, खाली ओली जखम असते. पाच-सहा दिवसांत खाज कमी होते, मग खपली आपोआप सुटते, चिंगीच्या कानावरची तर टोपी काढावी तशी एका तुकड्यात गळून पडली आणि खाली गुलाबी, मऊ, केस नसलेलं कान. तोवर नखांची टोकं कापा, आणि खाजवून रक्त काढत असेल तर गळ्यात कॉलर. विकतची नसेल तर घरातली जुनी एक्स-रे फिल्म गोल कापून, आतल्या कडेला कापडी पट्टी चिकटवून छान होते. पू दिसला, वास आला, ताप वाटला तर वर बॅक्टेरियाचं इन्फेक्शन चढलंय, त्याचं औषध वेगळं लागतं. खायला प्रोटीन वाढवा, उकडलेलं चिकन बिनमीठ बिनकांद्याचं, अंडं, मासे काटे काढून. आणि ज्या मांजराचे केस गेलेत त्याला थंडी फार वाजते, रात्री बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते. दोन आठवड्यांत मांजर गुबगुबीत दिसायला लागतं, खाज थांबते, आणि लोक दुसरा डोस टाकतच नाहीत. पहिल्या डोसने फिरणारे किडे मरतात, अंड्यांवर भरवसा ठेवता येत नाही, ती फुटली की तीन आठवड्यांत नवी पिढी अंडी घालायला तयार. इंजेक्शन असेल तर साधारण दोन आठवड्यांनी परत, थेंब असतील तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुतेक महिन्याने. दवाखान्यातून घरी आल्या आल्या कालनिर्णयवर तारखेला लाल गोल करा आणि चौकोनात मांजराचं नाव लिहा. शेवटच्या डोसानंतर परत एकदा खरवडून बघायला सांगा, काच रिकामी आली की मगच सुटलं म्हणायचं.

वाड्यातल्या, सोसायटीतल्या भटक्या मांजरांचं काय, हे पण बघावं लागेल, नाहीतर परत तिथूनच येतं. आमच्या जिन्याखाली एक पिवळा बोका होता, चिंगीला त्याच्याकडूनच लागलं असणार, हात लावू देत नव्हता, कपाळ सगळं सुरकुतलेलं, एक डोळा खपलीने अर्धा बंद. त्याला पकडायचा प्रयत्न सोडून दिला आणि रोज संध्याकाळी सातला एकाच पायरीवर, एकाच वाटीत बांगड्याचं डोकं ठेवायला लागलो. चार दिवस नुसतं बाजूला बसायचं. पाचव्या दिवशी तो खाताना पाठीवर काडी टेकवली, सातव्या दिवशी हात. डॉक्टरांना त्याचा फोटो दाखवून अंदाजे वजन सांगितलं होतं, त्यांनी ट्यूब दिलेली, ती मुठीत धरून गरम केली म्हणजे गार थेंबाने दचकायला नको, आणि दहाव्या दिवशी तो मान खाली घालून खात असताना केस सारून टाकली. तो दचकला, दोन पायऱ्या वर गेला, आणि परत येऊन खायला लागला. कालनिर्णयवर चिंगी आणि सोनीच्या खाली "पिवळा" असं लिहून ठेवलं, दुसऱ्या डोसाच्या दिवशी तो सातच्या आधीच पायरीवर येऊन बसला होता, दोन्ही डोळे उघडे.